मुद्रेवरचे नाव

एकदा एका नगरात एक वृद्ध अभियंता आपल्या शिष्यासह राहत असे. तेथील अभियंता-मंडळाच्या पटावर ज्याचे नाव चढे, त्यालाच स्वतःच्या नावाची मुद्रा मिळे, आणि ती आराखड्यावर उमटल्यावाचून कुणाला वीटही रचता येत नसे. शिष्याला ती नुकतीच मिळाली होती. पहिले चार दिवस तो ती उशाशी घेऊन झोपला!

मग त्याच्या मागे एक व्यापारी लागला. त्याला आपल्या धर्मशाळेवर तिसरा मजला चढवायचा होता आणि पाया होता दोनच मजल्यांचा. शिष्याने नाही म्हटले. व्यापारी रोज येऊ लागला. कधी पेढे घेऊन, कधी डोळ्यांत पाणी आणून. नाही म्हणून म्हणून शिष्य अगदी मेटाकुटीला आला. एके दुपारी, एकदाची ही पीडा टळो म्हणून त्याने मुद्रा हातात घेतली.

"थांब," पडल्या पडल्याच गुरू म्हणाले. "ती शेठजींनाच दे. शेठजी, तुम्हीच उमटवा. फक्त याचं नाव घासून तुमचं कोरून घेऊ."

"माझं नाव कशाला?" व्यापारी दचकला. "उद्या काही झालं तर लोक माझ्या दारात येतील!"

बोलून गेल्यावर त्याचे त्यालाच ओशाळल्यासारखे वाटले. आराखडा गुंडाळून तो निघून गेला.

गुरू म्हणाले, "बाळ, हुशार तू मुद्रेआधीही होतास. वाटसरूला इमारतीच्या पायातलं काही कळत नाही. तरी त्याने निर्धास्त झोपावं, म्हणून कुणा एकाचं नाव जामीन राहावं लागतं. मुद्रा त्यासाठी असते."

शिष्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "पण गुरुजी, शेठजी दुसऱ्या कुणाकडे जातील."

"जातील ना. म्हणून तर मंडळाला कळवायचं." गुरू कण्हत उठले. "या गुडघ्यांनी पुन्हा मंडळाचा तो जिना!"

"उद्या गेलो तर?"

"शेठजी आजच जातील."

शिष्य फार थकला होता. तरी त्याने मुद्रा कनवटीला खोचली, कोपऱ्यातली काठी गुरूंच्या हाती दिली आणि दार उघडले.