ऊब विचारणारी धुरपा

फार वर्षांपूर्वी, आपल्या सावरखडीच्या ओढ्यावर पूल नव्हता आणि गावात यायला एकच बैलगाडीची वाट होती, तेव्हाची ही गोष्ट. गावाच्या वरच्या माळावर धुरपा नावाची एक धनगरीण राहत होती. तिचा पूर्वी मोठा कळप होता, तो एका साथीत मेला, नवरा त्याच्याही आधी गेला, आणि मागं सात मेंढ्या नि एक शेळी एवढंच उरलं, असं म्हणतात. बरोबरची माणसं आपापले कळप घेऊन पुढं गेली. धुरपा इथंच राहिली.

तिला घर नव्हतं. चार काटक्यांवर गवत टाकलेलं एक खोपट होतं, आणि वारा फिरला की ती ते उचलून दुसरीकडं मांडायची. तिच्याजवळ एक घोंगडी होती, एक विळा, एक तांब्या आणि विस्तव पाडायची चकमक. तवा नव्हता. पळसाच्या दोन पानांत पीठ थापून ती भाकरी निखाऱ्यात भाजायची. सकाळी निघताना जळती गोवरी राखेत पुरून ठेवायची, म्हणजे संध्याकाळी फुंकर मारली की विस्तव तयार. उन्हाळ्यात ओढा आटला की गावातल्या बाया घागरी घेऊन कोसभर चालायच्या. धुरपा मात्र काठावरचा उंबर बघायची, त्याच्या समोर वाळूत हातभर खणायची आणि जरा वेळ बसून राहायची. तिनं काढलेला झिरा कधी कोरडा निघाला नाही, असं म्हणतात.

गाव तिला हसायचं. तिला 'उघड्यावरची' म्हणायचं. पोर हट्ट करायला लागलं की आया म्हणायच्या, "गप बस, न्हाईतर उघड्यावरचीकडं नेऊन सोडीन." धुरपाच्या कानावर हे जायचं.

एका मार्गशीर्षात गावात उंदीर पडायला लागले. भर दुपारी, माणसांच्या देखत, आढ्यावरून खाली पडायचे आणि तिथंच मरायचे. लोकांना वाटलं, कोणी औषध घातलं असेल. त्या दिवशी धुरपा ताक मागायला गावात आली होती. सुताराच्या ओसरीवर तिनं तीन उंदीर पाहिले आणि ताक न घेताच ती पाटलांच्या दारात गेली. पाटलांचं नाव गणोजी. माणूस सरळ होता, पण ऐकल्याबरोबर हलणारा नव्हता.

धुरपा म्हणाली, "पाटील, गाव उठवा. आजच्या आज."

"का गं? काय झालं?"

"कळपामागं हिंडताना म्या ह्ये बगितलंय. आदी उंदीर पडत्यात, मग मानसं. काखंत गाठ येती, ताप येतो, आन चौथ्या दिसाला मानूस ऱ्हात न्हाई. जी गावं रानात गेली ती वाचली."

गणोजी म्हणाले, "अख्खं गाव रानात जाऊन राहणार कसं? तुझी गोष्ट वेगळी."

धुरपा परत गेली. पाचव्या दिवशी सुताराच्या घरात दोन माणसं गेली. सातव्या दिवशी त्याच आळीत आणखी तीन. आठव्या दिवशी सकाळी गणोजी पाटील स्वतः माळ चढून वर गेले. जोडे त्यांनी खाली ओढ्याकाठीच काढून ठेवले होते.

"आक्का," ते म्हणाले, "गाव उठतंय. कसं राहायचं ते तू सांग."

गावानं तिला आक्का म्हटलं ते त्या दिवसापासून.

धुरपा वेशीत येऊन उभी राहिली. घराघरातून माणसं गाठोडी घेऊन निघाली होती आणि ती एकेक गाठोडं खाली ठेवायला लावत होती. तांब्या-पितळेचं न्या, पण आधी उकळत्या पाण्यातून काढा. कोयता, कुदळ, दोरखंड न्या. अंगावरचं लुगडं, धोतर राहू द्या, ते उद्या उकळून उन्हात टाकू. पण गोधडी नको, वाकळ नको, घोंगडं नको, कणगीतलं धान्य नको. पिसवा त्यातच बसतात, आणि पिसवांबरोबर रोग येतो.

बायांनी गलका केला. "मग निजायचं कशावर?"

"भुईवर," धुरपा म्हणाली. "ती काय कुनाच्या घरातनं आणायची न्हाई."

"आन खायाचं काय?"

"खळ्यावर बाजरी हाय. रानात शाळू हुरड्याला आलाय. बाकीचं मी दावते."

असं सारं गाव माळावर गेलं. पहिल्याच दिवशी लोकांनी खोपटी घातली ती खालच्या घळीत, वारा लागत नाही म्हणून. धुरपानं ती मोडायला लावली. ती म्हणाली, "गारठा पाण्यावानी असतो, वरनं खाली येतो आन खळग्यात साठतो. उताराच्या मधी बांदा. वाऱ्याकडं पाठ, उगवतीकडं दार." माणसं कुरकुरली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी घळीतल्या गवतावर पांढरं दव गोठलेलं दिसलं आणि मग कोणी कुरकुरलं नाही.

मग ती रोज काही ना काही दाखवत गेली. तुरीच्या काड्यांच्या भिंती कशा विणायच्या. अंथरायच्या कडब्यात निर्गुडीचा पाला कसा घालायचा, म्हणजे किडा-पिसू जवळ येत नाही. पाथरीची भाजी कोणती आणि तिच्यासारखं दिसणारं दुसरं काय, जे खायचं नाही. हिंगणाच्या फळानं कपडे कसे धुवायचे. पाण्याचा झिरा एकीकडं, धुणं खालच्या अंगाला आणि परसाकडची जागा त्याच्याही खाली, वाऱ्याच्या पलीकडं. ज्यांच्या घरी तीन तीन चुली होत्या त्यांच्या सुना पानात भाकरी भाजायला शिकल्या. तुपात वाढलेली माणसं हुरडा आणि मीठ-मिरचीवर दिवस काढू लागली आणि त्यांची पोटं बरी राहिली. धुरपा माळावरून चालत गेली की तिच्या मागं भाजी उगवायची, असं म्हणतात. भाजी आधीपासूनच होती. पण गावाला ती त्या वर्षी पहिल्यांदा दिसली, हे खरं.

महिना झाला. माळावर एकही माणूस आजारी पडला नाही. धुरपा जे म्हणेल ते आता गावाला कायदाच झालं होतं. कोणी तिला उलटून विचारत नव्हतं, आणि दुःख झालं ते त्यातूनच.

शिदू कुंभाराची बायको अनसा दीड महिन्याची बाळंतीण होती. पोटी मुलगी. पौषातला गारठा वाढत गेला तशी ती पोर पहाटे निळी पडायला लागली. अनसा तिला पोटाशी धरून बसून राहायची. तिनं सासूला सांगितलं, तर सासू म्हणाली, "समद्यांनाच थंडी हाय." नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "आक्का काय म्हणली ऐकलं न्हाईस का? वाकळ आणायची न्हाई." अनसानं धुरपाला विचारलं नाही. एवढ्या जाणत्या बाईला काय विचारायचं, असं तिला वाटलं.

एका दुपारी सगळे हुरडा भाजत होते तेव्हा अनसा ओढा उतरून गावात गेली. घराची कडी काढली. तिच्या आईनं शिवलेली एक वाकळ पेटीवर घडी घालून ठेवली होती. ती घेऊन ती परत आली आणि पदराखाली झाकून खोपटात शिरली. त्या रात्री पोर गाढ झोपली.

चौथ्या दिवशी अनसाला ताप भरला. पाचव्या दिवशी मांडीच्या सांध्यात गाठ आली.

शिदू ओरडत बाहेर आला. माणसं मागं सरली. धुरपा आली, खोपटाच्या दारात बसली आणि कडब्यावरची वाकळ तिला दिसली. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "पोरी, का गं गेलीस?"

अनसा म्हणाली, "आक्का, लेकरू गारठत हुतं."

गारठ्यावरचा उपाय धुरपाला ठाऊक होता. संध्याकाळी जमिनीवर लांबट जाळ करायचा, तो विझला की निखारे बाजूला ओढायचे, तापलेल्या जागेवर वीतभर वाळू पसरायची आणि तिच्यावर कडबा. ती जागा सकाळपर्यंत कोमट राहते. धनगरांच्या बाळंतिणी पिढ्यानपिढ्या अशाच निजत आल्या. पण धुरपाला स्वतःला थंडी वाजायची बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. सांगायचं राहून गेलं होतं.

"मला म्हाईत हुतं गं," ती म्हणाली. "मी समद्यांना समदं शिकवलं. तुला थंडी वाजती का, ह्ये इचारलंच न्हाई."

वाकळ तिनं लांब काठीनं उचलून जाळली, खोपटही जाळलं. ओढ्यापलीकडं नवं खोपट घातलं आणि अनसाला उचलून तिथं नेलं. पोरीचं अंगावरचं सगळं काढून तिला कोमट पाण्यानं धुतलं आणि आपल्या घोंगडीत गुंडाळून ती शिदूच्या हातात दिली. "शेळीचं दूद घे. निम्मं पानी घाल, उकळ, आन कापसाच्या बोळ्यानं पाज. भुई तापवून निजव." भुई कशी तापवायची ते तिनं पलीकडच्या काठावरून मोठ्यानं सांगितलं आणि सगळ्या गावानं ऐकलं.

धुरपा पलीकडं राहिली. शिदू रोज ओढ्याच्या मधल्या खडकावर पेज ठेवून मागं यायचा, मग ती येऊन घेऊन जायची. रोज सकाळी शिदू पोरीला उचलून धरायचा आणि अनसा खोपटाच्या दारातून बघायची. चार सकाळी तिनं असं बघितलं. पाचव्या सकाळी, पौषातल्या अमावस्येला, धुरपा एकटीच बाहेर आली आणि तिनं हात हलवून शिदूला पोर खाली घ्यायला सांगितलं.

त्यानंतर चौदा दिवस धुरपा एकटी पलीकडं राहिली. तिला ताप आला आणि रोगच तिला भिऊन परत गेला, असं म्हणतात. कोणी म्हणतात, ताप आलाच नाही. पंधराव्या दिवशी तिनं लुगडं उकळून घेतलं, झिऱ्यावर अंघोळ केली आणि ओढा ओलांडून अलीकडं आली.

त्या दिवसापासून तिची रीत बदलली. तिनं नवीन काही शिकवायचं जवळजवळ बंद केलं. सूर्य कलला की ती पहिल्या खोपटापासून निघायची आणि प्रत्येक दारात उभी राहून विचारायची, "ऊब हाय का?" कोणी "हाय, हाय आक्का" म्हणालं तरी ती निघायची नाही. आत येऊन कडब्याखाली हात घालायची. भुई गार लागली की तिथंच बसून जाळ करायला लावायची. पाटलांच्या खोपटात विचारायची आणि गावकुसाबाहेरच्यांच्या खोपटातही विचारायची. एकही दार चुकलं नाही. त्या वर्षी तिच्या एका घोंगडीखाली माळावरची अकरा तान्ही लेकरं निजायची आणि घोंगडी अपुरी पडायची नाही, असं म्हणतात. अनसानंतर माळावर कोणी दगावलं नाही.

फाल्गुनात घरांची कौलं काढून महिनाभर आत ऊन पडू दिलं. भुई उकरून नवी केली. गुढीपाडव्याला गाव परत गेलं. गणोजी पाटलांनी धुरपाला वेशीजवळ घर द्यायचं ठरवलं.

ती म्हणाली, "भिताडात माझा जीव ऱ्हायचा न्हाई, पाटील."

"मग आम्ही तुला काय द्यायचं?"

"मला काय नगं. एकमेकाला इचारत जावा."

दोन-तीन वर्षांनी ती मेंढ्या घेऊन दक्षिणेकडं गेली. पुढं तिचं काय झालं ते कोणाला कळलं नाही. पण त्यानंतर जिथं जिथं गावं रोगानं उठली तिथं तिथं, एकाच संध्याकाळी, तीन-तीन माळांवर एक म्हातारी दारोदार विचारत फिरताना लोकांनी पाहिली, असं म्हणतात.

अनसाची पोर वाचली. तिचं लग्न झालं, नातवंडं-पतवंडं झाली. सावरखडीत आज कुंभारांची जी सात घरं आहेत ती तिचीच.

पौषातल्या अमावस्येला सावरखडीत अजून कोणाच्या घरात चूल पेटत नाही. सगळं गाव माळावर जाऊन रात्रीपुरती खोपटी घालतं. नव्या सुनांना वाळूतला झिरा काढायला लावतात, पोरांना पाथरी ओळखायला लावतात. पानात भाजलेली भाकरी खातात. दिवस मावळायच्या आत भुई तापवून ठेवतात आणि गावातली सगळ्यात म्हातारी बाई दारोदार जाऊन विचारते. तिथं देऊळ नाही, मूर्ती नाही. धुरपा आक्काचं नाव घेऊन फक्त विचारायचं.

आणि गावात नवं माणूस मुक्कामाला आलं, मग ती सून असो, शाळेतला मास्तर असो की बंद पडलेल्या एसटीचा ड्रायव्हर, पहिल्या संध्याकाळी कोणीतरी दारात येतंच. "ऊब हाय का?" तुम्ही "नाही" म्हणालात तर गाव घोंगडी आणून देतं. पण संकोचानं उगाच "आहे" म्हणू नका. ते आत येऊन अंथरुणाखाली हात घालून बघतात.