पाइनच्या फांद्यांची वाट

ही गोष्ट धाकट्यांना सांगायची नाही, त्यांना तळ्याची भीती बसते, असं मावशीने मला बजावलं आहे. तरी सांगते, हळूच.

फार उत्तरेकडे एक सरोवर होतं. इतकं मोठं, की काठावर उभं राहिलं तर मधल्या एका बेटापलीकडे नुसतं आभाळ दिसे. हिवाळ्यात ते सगळं गोठून जाई. मग गावातली ब्रीता आजी पहारीने बर्फात भोकं पाडून पाइनच्या फांद्या रोवत जाई, थेट बेटापर्यंत. नदी जिथे सरोवराला मिळे तिथे बर्फ पातळ, म्हणून वाट तिथे मोठा वळसा घेई. गावाचा नियम एकच: पडलेली फांदी दिसली, की थांबून पुन्हा रोवायची.

हाल्वर नावाचा एक कोळी एका लख्ख सकाळी घसरगाडी घेऊन निघाला. बेटावर बहिणीकडे राहिलेल्या लेकीला आणायचं होतं. वळणावर वाऱ्याने तीन फांद्या आडव्या पडल्या होत्या.

"बेट तर समोर दिसतंय," असं म्हणून तो पुढे गेला.

परतताना धुकं उतरलं. खाली पांढरं, वर पांढरं. लेकीला गाडीत बसवून तो एकेक फांदी शोधत चालला. वळणाशी फांद्याच संपल्या. पडलेल्या तीन केव्हाच भुरभुरत्या बर्फाखाली गेल्या होत्या.

तेवढ्यात पायाखालून एक लांबलचक सूर निघाला, दूर कुठेतरी गेला आणि परत आला.

"बाबा, तळं गातंय?"

बर्फ ताणला गेला की असा सूर निघतो, हे हाल्वरला ठाऊक होतं. केवढं अफाट होतं ते, आणि ते दोघं केवढेसे! एक पाऊल चुकलं तर लेक पाण्यात. तो जागचा हलला नाही.

मग धुक्यातून आवाज आला. ठक्. ठक्.

"कोण आहे?" तो ओरडला.

"दुसरं कोण येणार इथे, तुझी सासू?"

ब्रीता आजी होती. दोन फांद्या रोवून ती त्याच्यापर्यंत आली होती.

"उशीर झाला तुला, म्हणून निघाले. सकाळी या पडलेल्या दिसल्या नव्हत्या?"

लेक बाबाकडे बघत होती.

"दिसल्या होत्या," हाल्वर म्हणाला.

आजीने पहार त्याच्या हातात दिली. तिसरी फांदी त्याने रोवली. लेकीने तिच्या बुंध्याशी बर्फ थापला.

तर यातून घ्यायचं ते एवढंच: लख्ख उन्हात जी खूण आपल्याला नको वाटते, तिच्याचसाठी धुक्यात कुणीतरी डोळे ताणून... आले गं मावशी! नाही, कुणाला काही सांगत नव्हते, मी फक्त—