तेलाच्या डब्यातला खुनी

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला घरात बजावलंय. आधी प्रेमाने, मग डोळे वटारून. कारण गोष्टीतला दिग्दर्शक, म्हणजे आमचा दिगूदादा, आमच्याच घरात जेवतो. पण आत्ता तो मागच्या खोलीत घोरतोय. तेवढ्यात सांगून टाकते.

तर एक गाव होतं. प्रत्येक गावाच्या वाट्याला एक भोळा येतोच, तसा याही गावाच्या वाट्याला आला होता. त्याचं नाव बाळकू. नाव बाळकू, पण अंग कणगीएवढं. दारातून आत यायचं तर त्याला वाकावं लागायचं. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. सांगितलं तेवढंच करायचा, सांगितलं तसंच करायचा, आणि घोळ तिथेच व्हायचा. "म्हशीवर नजर ठेव" म्हटलं, तर म्हैस चार शेतांतला ऊस खाऊन यायची आणि बाळकू तिच्यावर नजर ठेवत मागोमाग हिंडून यायचा.

त्याच गावात दिगू होता. पूर्ण नाव दिग्विजय. शिक्षण अर्धं, चष्मा पूर्ण. परदेशातले जुने खुनाखुनीचे सिनेमे त्याने मोबाइलवर बघून बघून पाठ केले होते. त्या सिनेमांत मुखवटा घातलेला एक दांडगा माणूस असतो. त्याच्या हातात धारदार काहीतरी असतं. सहलीला आलेली पोरं तो एकेक करून मारतो, आणि शेवटी एक मुलगी उरते, ती किंचाळते. दिगूने ठरवलं, आपणही हुबेहूब तसाच सिनेमा काढायचा.

"म्हणजे चोरायचा?" त्याचा मित्र धना म्हणाला.

"चोरी नाही रे. मानवंदना. चाहत्याने केली की तिला मानवंदना म्हणतात."

मारून घ्यायला पोरगी द्यायला गावातला एकही बाप तयार होईना. म्हणून धनालाच नायिका व्हावं लागलं. धना दूध डेअरीवर फॅट तपासायचा. त्याचा साखरपुडा जवळ आला होता, त्यामुळे मिशी काढायला तो ऐकेना.

"असू दे," दिगू म्हणाला, "दुरून दिसत नाही."

दिसत होती.

मूळ सिनेमांत तळं असतं, इथे शेततळं घेतलं. तिथे भुताटकीचा बंगला असतो, इथे सोसायटीचं खताचं गोदाम घेतलं. तिथे काळोखी रात्र असते. रात्री कुणालाच घरून सोडत नव्हते, म्हणून भर दुपारी मोबाइलच्या डोळ्यावर निळा जिलेटिन कागद चिकटवला आणि रात्र झाली असं जाहीर केलं.

खुनी झाला बाळकू. पाच लिटरचा तेलाचा पांढरा डबा उभा कापला, त्याला डोळ्यांपुरती भोकं पाडली आणि तो बाळकूच्या तोंडावर बांधला. आत शेंगतेलाचा वास यायचा. त्यामुळे खून करता करता बाळकूला भूक लागायची.

बाळकूची आई गजराकाकू. पोरगा सिनेमात आहे, हे तिने आळीभर सांगितलं होतं. आजवर गावाने बाळकूला हाक मारली होती ती फक्त पोती उचलायला. त्यामुळे तिला फार कौतुक वाटत होतं.

"पण डब्यात तोंड असल्यावर वळखायचा कसा गं?" शेजारच्या विठाकाकूने विचारलं. "आत तुझा बाळकू हाय का नुसतं तेल हाय, कुणाला ठावं?"

हे बाळकूच्या जिव्हारी लागलं. तो दिगूकडे गेला.

"भाऊ, माझं तोंड दिसंल न्हवं? आई इच्चारती."

"शेवटच्या सीनला खुनी मुखवटा काढतो," दिगू म्हणाला. "तेव्हा सगळ्या गावाला तुझं तोंड दिसेल. पण माझं अक्षर न् अक्षर ऐकायचं. चुकलास, तर तो सीन गेला."

बाळकूने घरी येऊन सांगितलं. गजराकाकूने ट्रंकेतलं जरीकाठी लुगडं काढून उन्हात घातलं.

शूटिंग सुरू झालं. "हे बघ बाळकू," दिगू म्हणाला, "खुनी कधी पळत नाही. बाकीचे पळतात. खुनी एक पाऊल टाकतो, थांबतो, मान तिरकी करतो, मग दुसरं पाऊल टाकतो."

"आन् समदे पळून गेले तर?"

"जात नाहीत. मूळ सिनेमात जात नाहीत."

"येडे हायेत व्हय?"

"बाळकू!"

"ध्यानात ठेवतो, भाऊ."

तेवढ्यात फाट्यावर एसटी आली. धनाच्या अंगात घालायला दिगूच्या मावशीने एक गाऊन कंडक्टरकडे दिला होता. "बाळकू, जा, पिशवी घेऊन ये!" दिगू ओरडला.

बाळकूने एक पाऊल टाकलं. थांबला. मान तिरकी केली. दुसरं पाऊल टाकलं. तेलाचा डबा तोंडाला बांधून, पुठ्ठ्याचा कोयता घेऊन एक राक्षस शेतातून आपल्याकडे येतोय, असं कंडक्टरला दिसलं. त्याने घंटी मारली ती मारतच राहिला. एसटी गाऊन घेऊन पुढच्या गावाला गेली. मग धनाला आमच्या आईचा गाऊन घातला. आई तो अजून शोधते.

"अरे मूर्खा!" दिगू म्हणाला. "अशा वेळी जीव खाऊन पळायचं! हात वर करून 'थांबा, थांबा' ओरडायचं! पुढे जाऊन आडवं उभं राहायचं!"

"असं व्हय! फुडच्या येळी ध्यानात ठेवतो."

पुढची वेळ लगेच आली. पाठलागाचा सीन होता. नायिका गाऊन धरून पळू लागली. मूळ सिनेमात ती सपाट जमिनीवर ठेचकाळून पडते, म्हणून धनाही सपाट जमिनीवर ठेचकाळून पडला. मागून बाळकू सुटला. हात वर, तोंडाने "थांबा, थांबा!" धनाला ओलांडून तो पुढे गेला आणि आडवा उभा राहिला.

धना थांबला. तसा तो पडलेलाच होता.

"आता काय?" त्याने विचारलं.

"पिशवी द्या," बाळकू म्हणाला.

दिगूने चष्मा काढून पुसला. "मागून यायचं रे, मागून! पावलाचा आवाज नाही, तोंडातून शब्द नाही. अलगद खांद्यावर हात ठेवायचा. ही शेवटची संधी. नाहीतर गेला तुझा सीन."

"असं व्हय! फुडच्या येळी ध्यानात ठेवतो."

सिनेमा दाखवायला पडदा हवा होता. सप्त्यात कीर्तनाला अंथरतात ती लांबरुंद पांढरी चादर कुंभार गुरुजींच्या ताब्यात असायची. गुरुजी म्हणजे मोठा माणूस. भूत नसतं, यावर त्यांनी तालुकाभर व्याख्यानं दिली होती. आमच्या शाळेतही दिलं होतं. लिंबातून रक्त कसं काढतात तेही दाखवलं होतं.

"गुरुजींकडून चादर मागून आण," दिगूने बाळकूला सांगितलं. "आणि डबा काढू नकोस, परत बांधायला वेळ लागतो."

गुरुजी अंगणात आरसा टांगून दाढी करत होते. बाळकू मागून गेला. पावलाचा आवाज नाही. तोंडातून शब्द नाही. अलगद खांद्यावर हात.

गुरुजींनी आरशात बघितलं. त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला, तो व्याख्यानात बसण्यासारखा नव्हता. वस्तरा सटकला आणि अर्धी मिशी गेली. म्हणजे गावात जिला मिशी नको होती तिला अख्खी होती, आणि ज्यांना हवी होती त्यांना अर्धी राहिली.

दिगू धावत आला, पाया पडला. गुरुजींनी टॉवेलाने तोंड झाकून चादर दिली. "एका अटीवर. चादर जशी नेताय तशी परत आली पाहिजे. आणि मी काय ओरडलो, ते या अंगणाबाहेर जाता कामा नये."

परतीच्या वाटेवर दिगू बाळकूला म्हणाला, "कुणाच्या दारात गेलं की आधी चपला काढाव्यात. कडी वाजवावी. 'येऊ का?' विचारावं. थोरामोठ्यांना वाकून नमस्कार करावा. एवढंही कळत नाही?"

"असं व्हय! फुडच्या येळी ध्यानात ठेवतो."

आणि दाराचा सीन आला. हा सगळ्यात मोठा सीन. नायिका गोदामात लपलीय, आतून कडी लावलीय, बाहेरून खुनी येतोय. दिगूने जुन्या प्लायवूडचं दार खास यासाठी ठोकून घेतलं होतं. आत धना किंचाळू लागला.

बाळकूने बाहेर चपला काढल्या. एकाला एक लावून नीट ठेवल्या. कडी वाजवली.

"येऊ का?"

"या या," धना आतून म्हणाला. सवयच ती.

बाळकू आत गेला, कोयता खाली ठेवला आणि नायिकेला वाकून नमस्कार केला. नायिकेच्या तोंडून "सुखी राहा" निघून गेलं.

दिगू खताच्या पोत्यावर बसला. मग तो उठला, बाळकूचे दोन्ही दंड धरले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "विचारायचं नाही. समोर दार दिसलं, आत बाई किंचाळली, की कोयत्याने फोडायचं. कधीही. कुठेही. आणि तो पुठ्ठ्याचा कोयता फेक. घरून ऊसतोडीचा खरा आण आणि जवळच ठेव."

"कुठंबी?"

"कुठेही!"

"असं व्हय! फुडच्या येळी ध्यानात ठेवतो."

आणि नवल म्हणजे या वेळी बाळकू चुकला नाही. दार असं फोडलं, की प्लायवूडच्या ढलप्या शेततळ्यात जाऊन पडल्या. धना खराखुरा किंचाळला. दिगूने बाळकूच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! असंच करायचं!" आजवर बाळकूला कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. त्याने डब्याच्या आत डोळे पुसले.

मग दिगूने त्याला चहा आणायला पाठवलं. तो गेल्यावर दिगूने डबा स्वतःच्या तोंडाला बांधला, भांग पाडला आणि मुखवटा काढण्याचा सीन स्वतःवरच घेतला.

"आणि बाळकू?" धनाने विचारलं.

"त्या सीनला बोलका चेहरा लागतो," दिगू म्हणाला.

बाळकू सगळ्यांना चहा घेऊन आला. त्याला कुणी काही सांगितलं नाही.

खेळाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात दिवेलागणीलाच गाव जमलं. दोन बांबूंना चादर ताणून बांधली होती, समोर शाळेचा प्रोजेक्टर मांडला होता. पहिल्या रांगेत उरलेली मिशीही काढून आलेले कुंभार गुरुजी. शेजारी जरीकाठी लुगड्यात गजराकाकू. मागे धनाचे होणारे सासरे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते आले होते. वारा सुटला होता, म्हणून दिगूने बाळकूला सांगितलं, "डबा बांधून चादरीच्या मागे उभा राहा आणि बांबू धर. शेवटी तुलाही लोकांपुढे बोलावतो."

सिनेमा सुरू झाला. डबेवाला खुनी दिसला, की गजराकाकू आजूबाजूला सांगायची, "त्यो बघा, त्यो माझा."

"डब्यावर शेंगदाणे काढलेत बाई," विठाकाकू म्हणायची. "तुजा बाळकू काय मला दिसंना."

बाळकू चादरीच्या मागे सगळं ऐकत होता. त्या बाजूनेही सिनेमा दिसायचा, फक्त उलटा. तो बांबू धरून होता. कोयता कमरेला होता, कारण जवळच ठेवायला सांगितला होता. आता थोड्याच वेळात आपलं तोंड दिसणार, म्हणून त्याने डब्याच्या आत ओठांवरून जीभ फिरवून घेतली.

आणि चादरीवर दार आलं. पुरुषभर उंच, बंद दार. त्याच्या नाकासमोर.

आत बाई किंचाळली.

बाळकूने बांबू सोडला. विचारायचं नव्हतंच. त्याने कोयता काढला आणि सप्त्याची चादर वरपासून खालपर्यंत अशी फाडली, की वाऱ्याने दोन्ही पदर दोन बाजूंना उडाले, आणि मधून तेलाचा डबा बाहेर आला.

गावाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मूळ सिनेमांतही कधी निघाला नसेल. धनाचे सासरे खुर्चीसकट उताणे झाले. पोरं आयांच्या पदरांत शिरली. चादर अंतरपाटासारखी बाजूला झालेली बघून कुणीतरी सवयीने ओरडलं, "सावधान!" आणि कुंभार गुरुजींनी तो शब्द पुन्हा उच्चारला. या वेळी सगळ्या गावासमोर, चांगला खणखणीत.

बाळकूने समोर बघितलं. पहिल्या रांगेत थोरमोठी माणसं बसलेली. त्याने चपला काढल्या. एकाला एक लावून ठेवल्या.

"येऊ का?" त्याने विचारलं आणि वाकून नमस्कार केला. वाकताना डब्याची दोरी तुटली आणि डबा गडगडत गुरुजींच्या पायाशी गेला.

सिनेमा चालूच होता. पडदा राहिला नव्हता, म्हणून तो बाळकूच्या अंगावर पडत होता. शेवटचा सीन आला. बाळकूच्या पोटावर दिगूने ऐटीत मुखवटा काढला, आणि दिगूचा बोलका चेहरा बाळकूच्या सदऱ्याच्या गुंड्यांमधून गावाकडे बघू लागला. बेंबीच्या जागी त्याचं नाक आलं होतं. पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. वर, उजेडात, बाळकूचं घामेजलेलं तोंड अख्ख्या गावाला दिसत होतं.

गजराकाकू उठून उभी राहिली. "विठे, आता दिसला का गं? ह्योच! ह्योच माझा बाळकू!"

आणि भीती ओसरल्यावर लोकांनी जी टाळी धरली, ती थांबेचना.

दिगू मात्र धावत आला. एका हातात चादरीचा अर्धा भाग, दुसऱ्या हातात उरलेला अर्धा. "गाढवा! आजपासून मी सांगेन त्यातला एक शब्दही ऐकायचा नाहीस! समजलं? एकही शब्द नाही!"

"असं व्हय! ध्यानात ठेवतो, भाऊ."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचं तरुण मंडळ आमच्या दारात. "खुनी पडद्यातनं बाहेर येतो तो सिनेमा तुमचाच ना? शनिवारी आमच्याकडं लावा." दिगूने चष्मा सरळ केला आणि म्हणाला, "हो, ती माझीच कल्पना. पहिल्यापासून ठरलेलं होतं. मानवंदनाच आहे ती एक प्रकारची." तेव्हापासून घरात खरं सांगायची बंदी आहे. नवी चादर आणून ठेवलीय. गजराकाकूचं लुगडं पुन्हा उन्हात पडलंय. दादा रोज बाळकूला घरी बोलावतो, चहा पाजतो आणि समजावतो, "शनिवारी दार दिसलं की पडदा फाडायचा. विसरायचं नाही." आणि बाळकू रोज चहा पितो, गोड हसतो आणि काहीच बोलत नाही. कारण त्याच्या अगदी पक्कं ध्यानात आहे, की दादाने सांगितलेला एकही

आले रे दादा! नाही, कुणाशी बोलत नव्हते, मी नुसतं