पितळेची पिन

तेलाच्या विहिरींवरची अवजारं माणसांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. तारेला लटकून कोसभर खोल उतरायचं आणि अडकलेली वस्तू धरून वर आणायची, हे पोलादी चिमट्याचं काम. त्याच्या कमरेत पितळेची पिन असे. ओढ फार झाली की ती तुटे, पकड सुटे आणि चिमटा रिकाम्या हाताने वर येई.

"हिच्यापायी चारचौघांत माझी मान खाली जाते," तो तारवाल्या गेनूतात्यांवर तणतणला. "मला पोलादी पिन द्या."

"आम्ही तुटण्यासाठीच असतो, दादा," पेटीतली पितळी पिन म्हणाली.

"मग बस पेटीतच!"

रोजच्या कटकटीला कंटाळून तात्यांनी पोलादी पिन बसवली. चिमटा ऐटीत उतरला आणि त्याने गाळात रुतलेली झडप घट्ट धरली. तात्यांनी हिसक्यांवर हिसके दिले, पण झडप हलेना.

"तात्या, मला सोडवा!" चिमटा खालून ओरडला. पण आता त्याची पकडच सुटेना. दोन दिवस खटपट करून तात्यांनी अखेर तार कापली.

नवा चिमटा आला. कमरेत पितळी पिन बसताना त्याने विचारलं, "आधीचा कच्चा होता का गं?"

"छे," पिन म्हणाली. "त्याने अजून सोडलेलं नाही."