कपाटातली केबल

शनिवारी सकाळी साडेदहा वाजता चिंचवेल नगरपरिषदेच्या सभागृहात रमाकांत भंगाळे यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि ‘धूरमुक्त कुटुंब’ असे कोरलेली पितळी पाटी. पहिल्या रांगेत त्यांची आई गोदावरीबाई बसल्या होत्या. त्यांच्या हातात दम्याचा पंप होता.

या सत्काराची गोष्ट वर्षभर आधी सुरू झाली.

भंगाळ्यांचे गावात टाइल्सचे दुकान. आईची खोली तळमजल्यावर, खिडकी बरोबर पार्किंगवर उघडणारी. जुनी डिझेल गाडी सकाळी सुरू झाली की धूर थेट आईच्या पलंगापर्यंत जाई. डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, “शेठ, औषध मी देईन. खिडकीतून आत येतं त्याचं काय करू?”

आईवर भंगाळ्यांचा जीव होता. त्यांनी त्याच दिवशी गाडी बदलायचे ठरवले.

शोरूममधल्या पोराने नीट समजावून सांगितले. “काका, रोज लांब जायचं असेल तर डिझेल. डोक्याला ताप नको असेल तर हायब्रिड, ती चालता चालता आपली बॅटरी आपणच भरते. आणि घर ते दुकान एवढंच असेल तर प्लग-इन. तिला बॅटरीही असते आणि पेट्रोलचं इंजिनही. घरी चार्जिंगला लावायची, मग गावातल्या गावात ना पेट्रोल, ना धूर.”

भंगाळ्यांचे घर ते दुकान म्हणजे पुलाच्या अलीकडून पलीकडे. शिवाय शेजारच्या नेहेते सरांनी नुकतीच हायब्रिड घेतली होती. तीच घेतली तर सर गावभर सांगणार, माझं बघून घेतली.

“प्लग-इन,” भंगाळे म्हणाले.

“लावायची कुठं?” त्यांच्या बायकोने, शैलजाने विचारले. “पार्किंगमध्ये एका बल्बशिवाय काही नाही.”

“ते बघू गं. आधी गाडी तर दारात येऊ दे.”

गाडी आली. हार, लिंबू, नारळ, सगळे झाले. गुरुजींनी चार्जिंगच्या केबललाही हळदकुंकू वाहिले. एवढी महागाची वस्तू पार्किंगमध्ये कशी लटकवायची? भंगाळ्यांनी ती पिशवीसकट कपाटात ठेवली, चांदीच्या समयांशेजारी. सीटवरचे प्लॅस्टिकही त्यांनी काढले नाही.

वायरमन येऊन गेला. “शेठ, वायर वरच्या मीटरवरून आणावी लागेल. समोरच्या भिंतीच्या दोन टाइल फोडू?”

ती भिंत म्हणजे भंगाळ्यांचा अभिमान. गिऱ्हाईक घरी आणून ते ती दाखवत. “दिवाळीनंतर बघू,” ते म्हणाले. दिवाळी गेली, अक्षय्य तृतीयाही गेली.

गाडी पेट्रोलवरच चालत राहिली, फुकटचे बॅटरीचे ओझे घेऊन. त्यात भंगाळ्यांची डिझेलच्या वेळची सवय सुटली नव्हती. गाडी सुरू करायची, एसी लावायचा आणि वर जाऊन चहा घ्यायचा. बॅटरी रिकामी, त्यामुळे थोड्याच वेळात इंजिन घरघरू लागे. बरोबर खिडकीखाली. खानदेशातल्या वैशाखात म्हातारी खिडकी लावून घेऊ लागली.

“रमाकांता, गाडी बदललीस ना रे?”

“बदलली, आई. ही धूर करत नाही.”

“मग मला खोकला कशाचा येतो?”

“वयाचा.”

आपण खोटे बोलतो असे त्यांना वाटतही नव्हते. धूर नाही असे कंपनीच्या पुस्तिकेत छापले होते आणि तेच ते गावभर सांगत होते. नगरपरिषदेलाही तेवढे पुरले. प्लग-इन गाड्यांच्या मालकांची नावे काढली, शाली मागवल्या आणि बसस्टँडसमोर ‘चिंचवेलने वाचवलेला धूर’ असा फलक लावून त्यावर मोठा आकडा रंगवला. कुणाच्या घरी जाऊन बघायला एक माणूस पाठवला नाही.

शनिवारी नगराध्यक्षांनी भंगाळ्यांपुढे माइक धरला. “शेठ, तरुणांना सांगा, गाडी चार्ज कशी करता?”

भंगाळ्यांनी सभागृहाकडे पाहिले. दुसऱ्या रांगेत नेहेते सर हाताची घडी घालून बसले होते. खरे सांगायला एवढे एकच वाक्य पुरले असते: अजून एकदाही केलेली नाही.

“सोपं आहे,” ते म्हणाले. “रोज रात्री लावून ठेवतो.”

“कपाटाला?” आईने विचारले.

सभागृह हसले. नगराध्यक्ष सगळ्यांत मोठ्याने हसले. हसू ओसरले तेव्हा गोदावरीबाईंची खोकल्याची उबळ ऐकू आली. पंप तोंडाला लावूनही ती थांबेना. भंगाळे व्यासपीठावरून उतरले आणि आईची पाठ चोळत बसले. त्यांना मान वर करवेना.

घरी येताच त्यांनी अंगावरची शालही न काढता हातोडी घेतली आणि दोन्ही टाइल स्वतः फोडल्या. दुसऱ्या दिवशी वायर आली, केबल कपाटातून निघाली. आईचा पंप सुटला नाही. पण खिडकी उघडी राहू लागली.

सोमवारी ते पाटी परत करायला नगरपरिषदेत गेले.

“परत घ्यायची तरतूद नाही, शेठ,” कारकून म्हणाला. “भिंतीला लावा, शोभेल.”

“बाकीच्यांच्या घरी चार्जिंगची सोय आहे का, ते तरी बघितलं का?”

“ते आमच्याकडं येत नाही.”

“मग बसस्टँडवरचा आकडा कुणी काढला?”

कारकुनाने साहेबांकडे बोट दाखवले. साहेबांनी नगराध्यक्षांच्या दालनाकडे. दालनाला कुलूप होते. फलक अजून तिथेच आहे. भंगाळ्यांच्या घरचा वर्षभराचा धूर त्यात वाचवलेला म्हणून धरला आहे आणि तो कुणी मोजला, हे आजवर कुणीही सांगितलेले नाही.

तात्पर्य: धूर थांबतो की नाही हे कोणती गाडी घेतली यावर नाही, ती रोज कशी वापरली यावर ठरते, आणि न तपासता शाल घालणारा हा खोटे बोलणाऱ्याइतकाच त्या धुराचा धनी असतो.