नानासाहेबांच्या गटात कोणी येईना

"…मग माझ्याच बचत गटात का येत नाहीत हे लोक, बाबा?"

नानासाहेब तकियाच्या, म्हणजे फकिराच्या मठीच्या, रानाच्या बांधावर छत्री उघडून उभे होते. समोरच्या तुकड्यात म्हातारा नूरशा फकीर वाकून दगड वेचत होता.

"ऑफिस दिलं. पंखा लावला. व्याज जास्त देतो म्हणालो. तरी सगळे एक-दोन एकरवाले त्या कौतिकाबाईकडं बचत टाकतात. बाईला धड सही येत नाही! लिंबाखाली गट भरवते, शेळ्यांच्या लेंड्यांत."

"हं…"

"उद्या बँकेचे साहेब येणार. दहा सभासद दाखवायचेत. माझ्याकडं तीन, त्यातले दोन माझेच जावई. गावात अब्रू जाईल माझी."

आयुष्यभर गावाला अक्कल शिकवत आलेला माणूस. प्रश्न विचारतानाही भाषणच करत होता.

फकिरानं एका मोठ्या दगडाला हात घातला. एकट्याला हलेना.

"नाना, दुसरीकडनं धर."

नानासाहेबांनी आपल्या पांढऱ्या धोतराकडं पाहिलं. मग मागं वळून ओरडले, "मुरल्या! बाबांना हात लाव."

ड्रायव्हर गाडीतून उतरून पळत आला. फकिरानं दगड सोडून दिला.

"मुरली, तुझं रान किती?"

"दीड एकर, बाबा."

"आणि गट कुठला?"

मुरली मालकाकडं बघत राहिला…

"कौतिकाबाईचा."

"माझ्या गाडीवर राहून? लाज नाही वाटली?"

"पोरगं दवाखान्यात होतं, मालक. भुईमूग रानात कुजायला लागला होता. कौतिकामावशी सगळा गट घेऊन आल्या. उपटला, शेंगा तोडल्या, घरात आणून टाकल्या. भाकऱ्यासुद्धा आपापल्या बांधून आणल्या होत्या."

"आणि पोराला दवाखान्यात नेलं कुणी? माझ्या गाडीनं!"

"हो मालक… डिझेल पगारातून कापलंत."

नानासाहेबांनी छत्री फाडकन मिटली.

"उद्यापासून नाही, आत्तापासून बंद. माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

मुरलीनं खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली.

नानासाहेब ताडताड गेले. दार उघडून गाडीत बसले. सवयीनं, मागच्या सीटवर.

इकडं दोघांनी मिळून दगड उचलला, बांधावर नेऊन ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

गाडी जागची हलली नाही.

बऱ्याच वेळानं काच खाली झाली.

"मुरल्या… ए मुरल्या!"

फकिरानं मान वर केली नाही.

"जा बेटा. त्याला एकट्याला घरी जाता येत नाही."