वाऱ्याचा डोळा

एकदा एक वृद्ध आचार्य खाडीकाठच्या एका गावात राहत असत. त्यांचा ध्यास जरा चमत्कारिक होता. साहेबाच्या भाषेतले जे शब्द आपल्या लोकांच्या तोंडी रुळले, ते मुळात कुठून निघाले, इथवर कसे आले आणि इथे येऊन कोणता कामधंदा करू लागले, याचा शोध ते जन्मभर घेत होते. गावाला यात काडीचा रस नव्हता. पण ज्याला एवढे शब्द ठाऊक त्याला न्यायही ठाऊक असणारच, अशा भाबड्या समजुतीने गावची भांडणे मात्र त्यांच्याकडे येत.

त्यांचा एक शिष्य होता, श्रीरंग नावाचा. घाटावरून विद्येसाठी आलेला, तल्लख आणि थोडा उतावळा. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे शहाणी माणसे सांगून गेली आहेत. श्रीरंगाने दोन्ही विचारली असती, आणि उत्तर मिळाल्यावर ते गावभर सांगत फिरलाही असता.

त्या गावात येसूआत्या नावाची एक वृद्धा होती. पाय लुळे पडल्यापासून ती खाटेवरच असे, आणि खाट असे खिडकीशी. ही खिडकी साधी नव्हती. कोण्या साहेबाचा बंगला मोडला तेव्हा आत्याच्या भावाने ती लिलावात घेतली होती. काचेची तावदाने असलेली गावातली ती पहिलीच, म्हणून बाकीच्या खिडक्या त्या खिडक्या आणि ही मात्र 'विंडो'. "विंडोपाशी भेटू," असे माणसे एकमेकांना सांगत. दुपारी खाडीवरचा उजेड त्या काचांतून आत येई आणि छतावर पाण्यासारखा हलत राही. आत्या त्याच्याकडे पाहत पडून राही. बाहेरून कोणी हाक मारली की तिकडे वळे, दोन शब्द बोले, पुन्हा छताकडे पाही. तिचा दिवस असा जाई, आणि तिला तो पुरत असे.

विंडोसमोरची मोकळी जागा नारळाच्या एका व्यापाऱ्याची होती. गावाची पायवाट तिच्यातूनच जाई. व्यापाऱ्याला तिथे वखार बांधायची होती, आणि तिची भिंत नेमकी विंडोच्या तोंडावर येत होती. अडचण एकच होती. जागा घेताना त्याच्या वडिलांनी आत्याच्या भावाला शब्द दिला होता की, "इथे काहीही बांधू, पण येसूची विंडो राखू." दोघेही केव्हाच निवर्तले होते. शब्द मात्र उरला होता.

व्यापारी आचार्यांकडे आला. "बापाचा शब्द मोडणारा मी नव्हे," तो म्हणाला. "पण विंडो राखायची म्हणजे नेमकं काय राखायचं, तेवढं तुम्ही सांगा. त्याप्रमाणे बांधतो."

आचार्यांनी शिष्याकडे पाहिले. "तू सांग."

श्रीरंगाला तेवढेच हवे होते. तो सरसावून बसला. "हा शब्द विलायतेच्याही उत्तरेकडच्या फार थंड मुलखातून आला," तो म्हणाला. "तिथली जुनी घरं अंधारी. भिंतीत किंवा छपरात एक भोक ठेवायचे, हवा आत यायला. त्याला ते वाऱ्याचा डोळा म्हणत. तोच शब्द पुढे इंग्रजांच्या तोंडी विंडो झाला. तेव्हा विंडो ती, जिच्यातून वारा येतो. भिंत हातभर अंतर सोडून बांधा आणि वरच्या अंगाला जाळी ठेवा. आत्यांना वारा मिळाला की विंडो राखली गेली आणि शब्दही राहिला."

व्यापारी खूश झाला. एवढ्या स्वस्तात सुटका होईल असे त्याला वाटले नव्हते. हात जोडून तो गेला, आणि दोन दिवसांनी गवंडी येणार असे ठरलेही. आचार्य काही बोलले नाहीत. गुरूचे मौन म्हणजे शाबासकी, अशी श्रीरंगाने आपली समजूत करून घेतली. बहुतेक शिष्य तशीच करून घेतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचार्य त्याला घेऊन येसूआत्याकडे गेले. खाटेशी वाकून त्यांनी आत्याच्या कानात काही विचारले. आत्या क्षणभर गंभीर झाली, मग गालात हसली आणि तिने मान हलवली. आचार्यांनी खांद्यावरचे पांढरे धोतर काढले आणि आतल्या बाजूने विंडोवर सोडले. वर फक्त वीतभर फट ठेवली.

"वारा येतो का बघ," ते म्हणाले.

श्रीरंगाने हात वर धरला. "येतो."

"मग विंडो राखली आहे. दिवेलागणीपर्यंत इथे बैस. बाहेर जायचं नाही, बोलायचं नाही." आणि आचार्य निघून गेले.

श्रीरंग बसला. खोलीत दुधाळ उजेड भरला होता. वारा खरोखरच येत होता, धोतराचा काठ हलकेच फुगवत होता. छत मात्र कोरडे होते, तिथे काहीच हलत नव्हते. आत्या डोळे मिटून पडली होती. ती झोपली आहे की जागी, हे कळत नव्हते, आणि थोड्या वेळाने आपण झोपलो आहोत की जागे, हेही श्रीरंगाला कळेना. सगळे घर खाडीच्या तळाशी जाऊन बसल्यासारखे त्याला वाटू लागले.

बाहेरून पावले येत होती. दूरवरून येत, विंडोपाशी थांबत. मग काही क्षण शांतता, आणि पावले परत जाताना सावकाश झालेली असत. एकदा कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. एकदा कोणी नाक ओढले. एका पुरुषाने हलक्या आवाजात दुसऱ्याला सांगितले, "काल तर बोलली माझ्याशी." धोतरावर सावल्या उमटत आणि विरून जात. श्रीरंगाला काही उमजेना. आत्याला कोणी हाक मारीत नव्हते, एवढेच त्याला जाणवत होते.

"आत्या, वारा पुरतो ना?" न राहवून त्याने पुटपुटत विचारले.

"पुरतो की बाबा," आत्या म्हणाली. "वाऱ्याला काय, तो माडालाही मिळतो."

श्रीरंगाने मान वर करून कोरड्या छताकडे पाहिले.

ऊन उतरता उतरता एक जड सावली धोतरावर येऊन थांबली. ती हलेचना. मग व्यापाऱ्याचा आवाज आला, पण तो व्यवहारातला आवाज नव्हता.

"आत्या, मी गावाला गेलो होतो गं, आत्ताच कळलं. वखारीचं तुला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, मीच टाळलं. इथे उभं राहून तुझ्या तोंडाकडे बघून सांगवलं नसतं. आई गेली तेव्हा मी थोरला म्हणून घरात रडायची सोय नव्हती. या विंडोपाशी येऊन रडलो होतो. तू बोलली नाहीस काही, नुसता आतून माझा हात धरून ठेवलास. आता कुठे जाऊ मी?"

आणि तो प्रौढ माणूस हुंदके देऊ लागला.

तेव्हा श्रीरंगाच्या ध्यानात आले. घाटावर ही रीत नव्हती, म्हणून त्याला ठाऊक नव्हती. या गावात घरातले माणूस गेले की त्याच्या खिडकीवर आतून पांढरे धोतर सोडत, आणि ते उतरेपर्यंत येणारे लोक बाहेरूनच निरोप घेत. सकाळपासून सारा गाव येसूआत्याला निरोप देऊन जात होता.

आत्याचे डोळे भरून आले होते. तिने हात लांबवून धोतर ओढले. ते खाली पडले, आणि खाडीचा सगळा उजेड आत आला.

"मेले नाही रे अजून," ती म्हणाली. "आचार्यांनी विचारलं, एक दिवस मरशील का म्हणून. मी म्हटलं, बघू तरी कोण कोण रडतंय."

व्यापारी मटकन खालीच बसला. त्याला हसावे की रागवावे ते समजेना. त्याने गजांतून आत्याचा हात मात्र घट्ट धरला होता. त्याच्यामागून आचार्य काठी टेकत येत होते.

"गुरुजी," श्रीरंग मान खाली घालून म्हणाला, "मी सांगितलेलं मूळ चुकलं का?"

"मूळ बरोबर आहे," आचार्य म्हणाले. "वाऱ्याचा डोळा. पण तू वारा धरलास आणि डोळा सोडून दिलास. आपले पूर्वज गवाक्ष म्हणाले, म्हणजे गाईचा डोळा. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन मुलखांना भिंतीतल्या भोकाकडे पाहून डोळाच आठवला. आणि मूळ कळलं म्हणून शब्द कळला असं होत नाही, बाबा. स्टेशनात तिकिटं देतात त्या भोकालाही विंडो म्हणतात. तिथे वारा खायला कोण जातं? या विंडोला तर काच आहे. ती लावून घेतली की वाऱ्याची झुळूक आत येत नाही, तरी गाव तिला विंडोच म्हणतं. शब्द जन्मतो एका घरी आणि नांदतो दुसऱ्या घरी. जन्मघर जरूर पाहून यावं, पण त्याची खुशाली विचारायची तर तो नांदतो तिथेच जावं लागतं. तू या पायवाटेवरून रोज जातोस. इथे कधी थांबला होतास?"

श्रीरंगाने मान हलवली. तो कधीच थांबला नव्हता.

वखारीबद्दल आचार्यांनी अवाक्षर काढले नाही. व्यापाऱ्यानेच डोळे पुसून जागेकडे पाहिले. "पायवाट सोडून मागे बांधतो," तो म्हणाला. "वखार लहान होईल. होऊ दे." आणि तो तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीरंग एकटाच त्या वाटेने आला आणि विंडोसमोर उभा राहिला. एवढे शब्द जाणणारा तो, पण बोलायला काही सुचेना. आत्याने छतावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिले.

"काय रे, काही काम होतं?"

"नाही आत्या," तो संकोचून म्हणाला. "सहज थांबलो."

"मग थांब की," आत्या म्हणाली. "सहज थांबायलाच तर आहे ही विंडो."